पायातली वहाण

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण आपल्या घरांतून किती सहज वापरली जाते हे वाचकांस सांगावयास नको. गड्याने उलट उत्तर केले, सुनेने आपले मत जरा स्पष्टपणे मांडले, की कोणी तरी वडीलधारे माणूस ही म्हण फेकून मोकळे होते. वहाण ही वस्तू हीन, तिचा विचार करणे त्याहून हीन, आणि तिच्याविषयी मासिकात लेख लिहिणे म्हणजे निव्वळ रिकामपणाचा उद्योग, असे आम्हीही उभे आयुष्य समजत आलो. पस्तीस वर्षे शाळेत उभे राहून संस्कृत शिकविले. परंतु ज्या पायांवर उभे राहिलो त्यांच्याकडे कधी निरखून पाहिल्याचे आम्हांस स्मरत नाही. जे घडले ते घडले नसते तर आजही पाहिले नसते.

तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातील गोष्ट. चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ रस्त्याच्या कडेला एक वृद्ध चांभार बसतो. आमच्या जोड्याचा पट्टा सैल झाला होता, म्हणून बाजारातून परतताना तो त्याच्यापुढे काढून ठेवला. त्याने जोडा हातात घेतला, आत बोटे फिरविली, आणि पट्ट्याचे काही न बोलता आमच्या तोंडाकडे पाहत म्हणाला, “गुरुजी, पाय दाखवा बरं जरा.” आम्हांस त्याचे बोलणे विचित्र वाटले. त्याने जोडा उलटा करून दाखविला. टाचेचा एक खिळा आतल्या बाजूस चांगला पाव इंच वर आला होता आणि त्याच्या भोवतीचे कातडे काळपट ओले झाले होते. “हा आजचा नाही जी. दोन-तीन दिवस तरी झाले असतील. तुम्हाला टोचला नाही का?” टोचला नव्हता. तीन दिवस आम्ही त्या खिळ्यावर चालत होतो, जिना चढत होतो, सकाळचा फेरफटका करीत होतो, आणि आम्हांस त्याची वार्ताही नव्हती.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी पाय धुवून पाहिला, तो टाचेत लहानसे भोक आणि भोवती पांढरी पडलेली कातडी. “अहो, परवा फरशीवर तांबडे डाग दिसले ते मी कुंकवाचे समजून पुसले,” असे म्हणून त्या मटकन खाली बसल्या. आम्ही मात्र, दुखत नाही त्या अर्थी गंभीर काही नसावे, असा तर्क चालविला. न्यायशास्त्रात ज्यास हेत्वाभास म्हणतात त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस वर्गात कधी सुचले नव्हते. दुखत नव्हते हेच तर गंभीर होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी धनुर्वाताची सुई टोचली, जखम साफ केली, आणि नंतर आम्हांस डोळे मिटावयास सांगून एक नायलॉनचा जाडसर दोरा तळव्यास ठिकठिकाणी टेकविला. हा दोरा असा केलेला असतो की दहा ग्रॅमचा दाब पडताच तो वाकतो. ज्यास एवढा दाब कळतो त्याच्या पायाची रक्षक संवेदना शाबूत आहे असे समजतात. ‘कळले की हो म्हणा,’ असे त्यांनी सांगितले होते. आम्ही वाट पाहत राहिलो. डोळे उघडले तेव्हा तपासणी संपली होती, आणि आम्ही दहापैकी केवळ तीन वेळा ‘हो’ म्हटले होते. मधुमेह आम्हांस बारा वर्षांचा. साखर वाढलेल्या रक्ताने पायाकडे जाणाऱ्या लांब मज्जातंतूंचे टोकाकडून हळूहळू नुकसान होते. प्रथम मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, आणि मग एक दिवस ती आग थांबते. रोगी म्हणतो, बरे वाटले. वस्तुतः पहारेकरी झोपी गेलेला असतो. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेही माणसे दहा कोटींच्या घरात आहेत. तेव्हा हा मजकूर वाचणाऱ्या प्रत्येक घरात ज्याच्यासाठी तो लिहिला आहे असे एखादे माणूस निघेल, असे धरून चालावयास हरकत नाही.

टाच भरून येण्यास सव्वादोन महिने लागले. त्यांतील बहुतेक काळ पाय टेकावयाचा नाही, हेच मुख्य औषध होते. मलमांनी जे होत नाही ते भार काढल्याने होते, ही गोष्ट आम्ही तेव्हा शिकलो. जखम भरत आली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर आमच्या दोन्ही पावलांची आकृती काढली आणि म्हणाले, “गुरुजी, आता तुम्हांला एम. सी. आर. ची चप्पल लागेल. कुष्ठरोग्यांना देतात ती.”

येथून पुढचा भाग लिहिताना थोडी लाज वाटते. तथापि तो वगळला तर लेख लिहिण्यात अर्थ नाही. ‘कुष्ठरोग्यांना देतात ती’ हे शब्द ऐकून आमच्या अंगावर शहारा आला. घरी ही वार्ता पोचताच नागपूरहून आक्कांचा फोन आला. “अरे, तसली चप्पल घालून तू दारात उभा राहिलास तर लोक काय समजतील? नातीचं लग्न व्हायचं आहे अजून.” मुलाने पुण्याहून सांगितले, “बाबा, मी इथून चांगला महागडा बूट पाठवतो, तसलं काही घेऊ नका.” आणि आम्ही स्वतः? आम्ही दोघांचेही म्हणणे मनातून मान्य करून डॉक्टरांचा तो कागद आठ दिवस अमरकोशात घालून ठेवला.

तो कागद बाहेर निघण्यास कारण झाले परचुरे शास्त्री. वाचकांपैकी वडीलधाऱ्यांस हे नाव ठाऊक असेल. संस्कृतचे गाढे पंडित. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या सहवासात होते. पुढे त्यांस कुष्ठरोग जडला आणि 1939 च्या सुमारास ते सेवाग्रामास येऊन राहिले. गांधीजी स्वतः त्यांच्या अंगास मालिश करीत, जखमा पाहत. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सेवाग्राम येथून शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर. आम्ही विद्यार्थ्यांस ही हकीकत दरवर्षी 2 ऑक्टोबरला सांगत असू, आणि सांगताना आमचा कंठ दाटून येत असे. कंठ दाटणे सोपे. तसल्या माणसाच्या पायातल्यासारखी चप्पल स्वतःच्या पायात घालण्याची वेळ आली तेव्हा आम्ही कागद लपविला. विद्यार्थी समोर असते तर तोंड दाखविण्यास जागा उरली नसती.

आता या चपलेची कुळकथा सांगणे प्राप्त आहे, कारण तिचे मूळ वैद्यकाच्या एका मोठ्या शोधात आहे आणि त्याचा एक धागा आमच्या जिल्ह्यात येऊन पोचतो. पॉल ब्रँड नावाचे इंग्रज शस्त्रवैद्य 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. जन्म 1914 चा, आणि तोही तमिळ मुलखातल्या डोंगराळ भागात, मिशनरी आईबापांच्या पोटी. त्या काळी सर्वांची समजूत अशी की कुष्ठरोगात बोटे ‘झडतात’, म्हणजे रोगच मांस खातो. ब्रँड यांनी रोग्यांच्या हातापायांचे बारकाईने निरीक्षण करून दाखविले की रोग केवळ मज्जातंतू बधिर करतो. पुढचा नाश चटका, खिळा, खडा आणि एकाच जागी वारंवार पडणारा दाब हेच करतात. निरोगी माणूस दोन मैल चालला की नकळत पाऊल थोडे निराळे टाकू लागतो, लंगडतो, थांबतो, कारण पाय त्यास तसे सांगतो. बधिर पायाचा धनी पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्याच जागेवर तोच भार टाकीत जातो. तेथील कातडीखालचे मांस ठेचले जाते, ती जागा प्रथम गरम लागते, मग फोड, मग व्रण.

या निदानातून पादत्राण जन्मास आले. सूक्ष्म बंद बुडबुड्यांनी भरलेले एक मऊ रबर आतल्या तळास घालावयाचे, म्हणजे भार एका बिंदूवर न राहता सर्व तळव्यावर पसरतो. त्याखाली काटा-खिळा आरपार न जाईल असा चिवट तळ. पट्टे रुंद, मागे टाचेवर एक पट्टा, कारण बधिर पायातून साधी चप्पल निसटून पडली तरी माणसास कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, सबंध चपलेत एकही खिळा नाही. सर्व काम शिवणीचे आणि चिकटविण्याचे. आमच्या टाचेतल्या भोकाकडे पाहता या शेवटच्या नियमाचे महत्त्व आम्हांस कोणी समजावून सांगावे लागले नाही. पुढे 1966 साली ब्रँड अमेरिकेतील लुइझियाना प्रांतात कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले, आणि मधुमेह्यांच्या पायांस हीच विद्या लागू पडते हे तिकडच्या वैद्यांच्या ध्यानात आणून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. तेव्हा कुष्ठरोग्याची चप्पल मधुमेह्यास दिली जाते ती निरुपाय म्हणून नव्हे. दोघांच्या पायांचा रोग निराळा, पण घात एकच.

ज्या 1914 साली ब्रँड जन्मले त्याच साली हिंगणघाटास मुरलीधर देविदास आमटे जन्मले. बाबांनी महारोगी सेवा समिती 1949 साली स्थापिली आणि 1951 साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन वसविले. त्याही आधी, 1936 साली, वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठसेवेचे काम आरंभिले होते. या संस्थांतून किती हात पुन्हा कामास लागले हे सर्वांस ठाऊक आहे. किती पाय चालते राहिले ते मात्र कोणी सांगत नाही. आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, बहुविध औषधोपचार सुरू झाल्यास चार दशके उलटली, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे 2019 च्या कायद्याने रद्द झाली. तरी चंद्रपूर-गडचिरोलीत नवे रोगी अजून सापडतात, आणि औषधाने जंतू मेला तरी मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. त्यांस एम. सी. आर. ची पादत्राणे सरकारी योजनेतून विनामूल्य मिळतात. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर असा फिकट चट्टा घरच्या कामकरणीच्या वा तिच्या मुलाच्या अंगावर दिसला तर तिला कामावरून काढू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. काढून टाकणारी घरे आम्ही पाहिली आहेत, म्हणून लिहितो.

आमची चप्पल वरोऱ्याकडच्या एका कारागिराने केली. तो स्वतः त्या रोगातून तरुणपणीच बरा झालेला. उजव्या हाताची दोन बोटे आखूड. त्याने आमचा पाय आपल्या मांडीवर घेतला, तेव्हा आम्ही संकोचाने मागे ओढला. संकोच कसला होता, गुरुजीपणाचा की दुसरा, हे आम्ही अद्याप ठरविलेले नाही. तो हसून म्हणाला, “गुरुजी, पाय सैल सोडा. ओढून धरलेल्या पायाचं माप खोटं येतं.”

येथवर आमची कथा झाली. आता ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांच्याविषयी. पावलात सव्वीस हाडे असतात, दोन पावलांत मिळून बावन्न, म्हणजे सबंध शरीरातल्या हाडांचा चौथा हिस्सा. ती कमानीसारखी रचलेली असतात. आपली कमान कशी आहे हे पाहण्यास वैद्याची गरज नाही. पाय ओला करून कोरड्या शहाबादीवर ठेवावा आणि उचलावा. महालक्ष्म्यांच्या वेळी आपल्याकडील स्त्रिया रांगोळीने पावले काढतात तसा मधे बाक असलेला ठसा उमटला तर कमान ठीक. सबंध तळवा उमटला तर पाऊल सपाट आहे. टाच व चवडा यांच्यामध्ये जवळजवळ काहीच उमटले नाही तर कमान फार उंच. सपाट पाऊल हा रोग नव्हे, पण अशा माणसाने फार वेळ उभे राहावयाचे असेल तर मधल्या भागास आधार देणारे पादत्राण घ्यावे. शिक्षक, पोळ्या करणाऱ्या स्त्रिया, दुकानदार या सर्वांस हे लागू आहे. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताच टाचेत कळ येते आणि दहा पावलांनी ती ओसरते, ही तक्रार आज घरोघर ऐकू येते. तिचे मूळ बहुधा तळव्याच्या ताणलेल्या पट्ट्यात असते. आणि दिवसभर कठीण फरशीवर अनवाणी उभे राहून स्वयंपाक करणे हे त्यास पोसते. पोटऱ्या ताणण्याचा व्यायाम, वजनावर नियंत्रण आणि टाचेखाली मऊ आधार यांनी बहुतेकांस काही महिन्यांत आराम पडतो. धीर मात्र हवा.

जोडा विकत घ्यावयाचा तो सायंकाळी, कारण दिवसभराने पाय किंचित फुगलेला असतो. सकाळी बेताचा बसलेला जोडा संध्याकाळी चावतो. माप उभे राहून द्यावे, बसून नव्हे, आणि दोन्ही पायांचे. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचा आकडा घ्यावा. सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. अंगठाच लांब असतो असे समजू नये. पुष्कळांचे दुसरे बोट लांब असते. (त्यावरून नवऱ्याचे काय होते याविषयी आमच्या आजीचे काही सिद्धान्त होते, ते येथे देत नाही.) टाचेमागची भिंत बोटाने दाबून पाहावी, ती दबू नये. जोडा चवड्याच्या ठिकाणी वाकावा, मधोमध नव्हे. आणि ओले धोतर पिळावे तसा तो पिळता येत असेल तर दुकानदारास परत द्यावा, मग तो कितीही हलका व मऊ असो. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानदाराचे वाक्य कधीही खरे मानू नये. जोड्याने सैल होण्यापूर्वी पाय वाकडा होतो. टोकदार बुटांनी अंगठा बाजूच्या बोटावर चढलेल्या कितीतरी मुली आम्ही गेल्या वीस वर्षांत पाहिल्या.

आणि आकड्यावर सर्वस्वी विसंबू नये. आपल्या बाजारातील आकडे विलायती पद्धतीचे. मद्रासच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशात 79 ठिकाणी एक लाखावर लोकांची पावले मोजली, तेव्हा भारतीय पाऊल युरोपियनांच्या मानाने रुंद असल्याचे दिसून आले. म्हणजे रुंदीसाठी आपण एक आकडा लांब जोडा घेतो आणि मग तो टाचेत निसटतो म्हणून फीत आवळतो. हा अनुभव सर्वांस आहे, त्याचे कारण हे. याच पाहणीत असेही आढळले की मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधराव्या-सोळाव्या वर्षी शिखरास पोचते. म्हणून दोन वर्षे पुरावेत म्हणून दोन आकडे मोठे घेतलेले शाळेचे काळे बूट ही काटकसर नव्हे. वर्गात शेवटच्या बाकावर बसून टेबलाखाली बूट काढून ठेवणारी मुले आम्ही पुष्कळ पाहिली, आणि त्यांस बेशिस्त म्हणून उभे केले. त्यांतील कित्येकांचे अंगठे आत दुमडलेले असत, हे आता कळते.

आमच्या झाडीपट्टीचे प्रश्न याहून निराळे आहेत. ज्येष्ठात येथे पारा 45 अंशांच्या वर चढतो आणि डांबरी रस्त्यावर उभे राहवत नाही. महाभारताच्या अनुशासनपर्वात जमदग्नी व रेणुका यांची कथा आहे: ऋषी बाण सोडीत, रेणुका धावून ते आणून देई, ज्येष्ठातल्या माध्यान्ही तिचे डोके व पाय पोळले, ती झाडाच्या सावलीस थांबली, उशीर झाला. जमदग्नी सूर्यावरच धनुष्य रोखून उभे राहिले, तेव्हा सूर्याने शरण येऊन छत्र आणि पादत्राण त्यांच्या हाती दिले. म्हणजे पादत्राणाची उत्पत्ती आपल्या पूर्वजांनी एका स्त्रीच्या पोळलेल्या पायांपासून सांगितली आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे जंगलात शिरून दुपारी डोईवर भारा घेऊन परतणाऱ्या बाया पाहिल्या की ही कथा आम्हांस पुराणातली वाटत नाही. त्यांच्या पायांत पुष्कळदा घासून कागदासारखी झालेली रबरी चप्पल असते, आणि बाभळीचा काटा तीतून सहज आरपार जातो.

काटा मोडला की येथे बिब्बा तापवून लावण्याची चाल आहे, भेगांसही लावतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडी जळून फोड येतात, आणि बधिर पायास तर ते जळणेही कळत नाही. हा उपाय सोडून द्यावा. भेगांस कोमट पाण्याने धुतल्यावर तिळाचे, जवसाचे किंवा मोहाच्या बियांचे तेल चोळावे. मात्र बोटांच्या बेचक्यांत तेल लावू नये. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पायास तेल चोळणे आणि पादत्राण धारण करणे ही दोन्ही दिनचर्येत घातली आहेत, पादत्राण डोळ्यांस व त्वचेस हितकर म्हणून वाखाणले आहे. आमच्या घरांत चरकाचे नाव पुष्कळ घेतात. हा अध्याय कोणी उघडत नाही.

पावसाळ्यात रोवणी करणाऱ्यांचे पाय दिवसभर बांधीच्या चिखलात असतात. बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी फाटते, आणि त्या फटीतून जंतू आत शिरतात. ज्यांस हत्तीरोग आहे (आणि हे दोन्ही जिल्हे त्या रोगाचे जुने ठाणे) त्यांच्या पायाची सूज अशा प्रत्येक फटीमुळे वाढत जाते. रोग डासांनी होतो, त्यावर सामुदायिक मोहिमेत मिळणाऱ्या गोळ्या सर्वांनी घ्याव्यात, ‘आम्हांस काही झाले नाही’ म्हणून त्या परसात फेकू नयेत. परंतु सुजलेला पाय राखण्याचे काम साबण, स्वच्छ पाणी आणि कोरडे फडके यांचे आहे. रोज धुवावा, बेचके टिपून कोरडे करावे, बसताना पाय उंच ठेवावा. अनवाणी चालण्याने मातीतील अंकुशकृमी तळव्यातून आत शिरतो आणि रक्त शोषतो. सर्पदंश बहुतेक पायालाच होतो. नाग, मण्यार, घोणस हे तिन्ही येथे आहेत. रात्री अंगणात जावयाचे तर पायात जोडा आणि हातात बॅटरी असलीच पाहिजे. आणि जोडा घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा. विंचवास आपल्या जोड्याहून सुखाची जागा दुसरी नाही.

खर्ऱ्याविषयी दोन ओळी. या भागात सुपारी-तंबाखूचा खर्रा शाळेतल्या पोरापासून ऐंशीच्या म्हाताऱ्यापर्यंत सर्व खातात. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या सहभागाने ‘मुक्तिपथ’ ही मोहीम याविरुद्ध चालविली गेली. तोंडाच्या कर्करोगाचे लोकांस आता माहीत आहे. पण तंबाखूने रक्तवाहिन्याही बिघडतात, पायास रक्त पुरत नाही, आणि मधुमेह्याची बोटे काळी पडण्यास हे मोठे साहाय्य होते, हे माहीत नसते.

आता घरातला तंटा. डॉक्टरांनी सांगितले, घरातसुद्धा अनवाणी फिरावयाचे नाही. आणि आमच्या घरी स्वयंपाकघर व देवघर यांत पादत्राण जाणे म्हणजे आक्रीत. खडावा चालतील का असे आम्ही विचारले, कारण लाकडी खडावेस सोवळ्यात हरकत नसते. डॉक्टरांनी कपाळास हात लावला. कठीण लाकूड आणि बोटांत घट्ट खुंटी, बधिर पायास याहून वाईट काही नाही. वाद आठवडाभर चालला. अखेर सौभाग्यवतींनीच निकाल दिला. चामड्याचा अंश नसलेली, रोज साबणाने धुता येईल अशी रबराची एक जोडी केवळ घरात फिरण्यास. ती उंबऱ्याबाहेर जावयाची नाही. देवघराच्या दारात ती काढावयाची, आणि आत स्वच्छ धुतलेले जाड सुती मोजे घालून पाटाऐवजी खुर्चीवर बसून पूजा करावयाची. “चामडं नाही, बाहेरची माती नाही, मग विटाळ कशाचा?” असे त्यांनी विचारले. आम्ही निर्णयसिंधू उघडणार होतो. त्यांनी तो परत कपाटात ठेवला.

रात्री निजण्यापूर्वी त्या आरसा धरून आमचे तळवे पाहतात; पूर्वी आम्हीच पाहत असू, पण चष्मा लावूनही टाच नीट दिसत नाही. पाहावयाचे ते असे: लाली, फोड, भेग, बेचक्यात ओल, नखाचा कोपरा रुतलेला, आणि हाताच्या पाठीने स्पर्श करून एखादी जागा दुसऱ्या पायाहून गरम लागते का. आंघोळीचे पाणी पायाने नव्हे, कोपराने अजमावावे. कुरूप झाले तर ब्लेडने कापू नये, औषधांच्या दुकानातली कुरूप जाळणारी पट्टी तर मुळीच लावू नये. नखे सरळ कापावी, कोपरे कोरू नयेत. जखम काळी पडली, वास आला, लाली वर चढू लागली, किंवा काही न लागता एक पाय अचानक सुजून गरम झाला, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा आणि तोवर त्या पायावर चालू नये. या शेवटच्या प्रकारात आतली हाडे ढासळत असतात आणि माणूस मुरगळले म्हणून तेल चोळीत बसतो.

आक्का गेल्या चैत्रात महाकालीच्या यात्रेस आल्या होत्या. पौर्णिमेस देवळाभोवतीची फरशी दहा वाजताच तापते. आम्ही पहाटे पाचला गेलो, आणि आम्ही मोजे घालूनच प्रदक्षिणा केली. पुजाऱ्याने एकदा पायांकडे पाहिले, काही बोलला नाही. बाहेर आल्यावर पायरीवर बसून आम्ही ती रुंद पट्ट्यांची चप्पल पायात चढवू लागलो तेव्हा आक्का जवळ उभ्या होत्या. त्यांस साखरेचा विकार आमच्याहून जुना. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “तो वरोऱ्याचा माणूस बायकांच्यासुद्धा करतो का रे?”